जठराच्या कर्करोगातील मुके जनुक

जठराच्या आतल्या अस्तरावरच्या पेशी फार काळ टिकत नाहीत. पृष्ठभागावरच्या पेशी तीन ते पाच दिवसांत गळून पडतात आणि खालच्या ग्रंथींमधून वर सरकलेल्या नव्या पेशी त्यांची जागा घेतात. नवी पेशी तयार व्हायची तर सुमारे सहा अब्ज अक्षरांचा डीएनए पुन्हा उतरवावा लागतो. उतरवणारी एन्झाइमे काटेकोर असली तरी चुका होतातच. एकच अक्षर ओळीने आठ-दहा वेळा येते तिथे तर एन्झाइम हमखास घसरते आणि एखादे अक्षर गळते किंवा जास्तीचे पडते. अशा चुका शोधून त्या जागी योग्य अक्षर बसवणारी पेशीची यंत्रणा म्हणजे ‘मिसमॅच रिपेअर’ किंवा एमएमआर. तिच्यामुळे चुकांचे प्रमाण आणखी शंभर ते हजार पटींनी खाली येते. ही यंत्रणा उलगडून दाखवल्याबद्दल पॉल मॉड्रिच यांना २०१५ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले.

या यंत्रणेत चार प्रथिने मुख्य. एमएसएच२ आणि एमएसएच६ ही जोडी चूक ओळखते; एमएलएच१ आणि पीएमएस२ ही जोडी दुरुस्ती पुढे नेते. पीएमएस२ एकटे टिकत नाही. एमएलएच१ नसेल तर तेही विरघळून जाते. त्यामुळे तिसऱ्या गुणसूत्रावरचे एमएलएच१ हे एक जनुक बंद पडले, की अर्धी यंत्रणा कोसळते.

जनुक बंद पडण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे त्याची अक्षरेच बदलणे, म्हणजे उत्परिवर्तन. दुसऱ्या मार्गात अक्षरे जशीच्या तशी राहतात, पण जनुकाच्या सुरुवातीच्या नियंत्रक भागात, प्रमोटरमध्ये, सायटोसिन या अक्षरावर मिथाइल नावाचा छोटा रासायनिक गट येऊन बसतो. एरवी हा भाग मोकळा असतो. मिथाइल गट दाटीने बसले की त्यांना ओळखणारी प्रथिने तिथे जमतात, डीएनए घट्ट गुंडाळला जातो आणि जनुक वाचणाऱ्या एन्झाइमला तिथे शिरकाव उरत नाही. पावसाळ्याच्या ओलीने पाने एकमेकांना चिकटलेली पोथी जशी शाबूत असूनही वाचता येत नाही, तशी या जनुकाची अवस्था होते. पेशी विभागली, की डीएनएमटी१ हे एन्झाइम जुन्या धाग्यावरच्या खुणा नव्या धाग्यावर उतरवते, म्हणून हे मुकेपण पेशींच्या पुढच्या पिढ्यांतही चालू राहते. अक्षर न बदलता वारशाने चालणाऱ्या अशा बदलांना एपिजेनेटिक म्हणतात. हा शब्द कॉनराड वॉडिंग्टन यांनी १९४२ मध्ये वापरात आणला. मिथिलीकरणाने जनुके बंद राहू शकतात ही कल्पना रॉबिन हॉलिडे आणि आर्थर रिग्ज यांनी १९७५ मध्ये स्वतंत्रपणे मांडली. प्रत्यक्ष गाठीत ते दिसायला आणखी दोन दशके लागली. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात एमएलएच१च्या प्रमोटरचे मिथिलीकरण १९९७ मध्ये नोंदले गेले आणि १९९९ मध्ये हाँगकाँग व अमेरिकेतल्या गटांनी तेच जठराच्या गाठींत दाखवले.

पेशीत प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. एमएलएच१च्या दोन्ही प्रती मुक्या झाल्या की नकलेतल्या चुका साचत जातात. एकाच अक्षराच्या लांब ओळी कमी-जास्त लांबीच्या होतात. याला मायक्रोसॅटेलाइट अस्थिरता किंवा एमएसआय म्हणतात. वाढीला लगाम घालणाऱ्या टीजीएफबीआर२ या जनुकात ए हे अक्षर ओळीने दहा वेळा येते, तर पेशीला मरण पत्करायला लावणाऱ्या बॅक्स जनुकात जी ओळीने आठ वेळा येते. दुरुस्ती थांबलेल्या जठराच्या गाठींत नेमक्या याच जागा बिघडलेल्या सापडतात. म्हणजे मुके झालेले जनुक स्वतः गाठ वाढवत नाही. गाठीला आवर घालणारी दुसरी जनुके मोडू देण्याइतकी ढिलाई ते निर्माण करते.

२०१४ मध्ये ‘द कॅन्सर जीनोम अॅटलस’ या प्रकल्पाने जठराच्या २९५ गाठींचा रेणवीय अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्यांचे चार गट पाडले. त्यात सुमारे २२ टक्के गाठी एमएसआय गटातल्या होत्या. एप्स्टाइन-बार विषाणूच्या सुमारे ९ टक्के गाठींत मिथिलीकरण सर्वांत जास्त आढळले, पण एमएलएच१ मात्र त्यांच्यात मुके नव्हते. ही बाब लक्षात ठेवण्याजोगी आहे. नुसते मिथिलीकरण खूप असणे आणि नेमके दुरुस्तीचे जनुक बंद असणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि उपचार ठरवताना दुसरी पाहावी लागते.

या ज्ञानाचा उपयोग व्हायचा तर जठराचा एक तुकडा नीट प्रयोगशाळेत पोहोचावा लागतो. बांद्यासारख्या गावातून तो प्रवास कसा होतो, हे रोगनिदानाच्या कामात असणाऱ्यांना चांगले ठाऊक असते. बांदा हे सावंतवाडी तालुक्यातले तेरेखोल नदीकाठचे बाजारपेठेचे गाव. मुंबई-गोवा महामार्गाने थोडे पुढे गेले की पत्रादेवीचा नाका आणि त्यापलीकडे गोवा. त्यामुळे इथल्या रुग्णाला दोन वाटा असतात. एक सावंतवाडी किंवा ओरोसकडे जाते, दुसरी सीमा ओलांडून म्हापसा किंवा बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाकडे. १८४२ मध्ये पणजीत सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेचा वारसा सांगणारे हे महाविद्यालय दक्षिण सिंधुदुर्गातल्या अनेक घरांना मुंबईपेक्षा जवळचे वाटते. निदान झाल्यावर पुढच्या सल्ल्यासाठी बरीच कुटुंबे सावंतवाडी रोड स्टेशनवरून गाडी पकडून परळच्या टाटा रुग्णालयात जातात.

पण या वाटेवर पाऊल पडायला वेळ लागतो, आणि बहुतेक वेळ घरीच जातो. ‘पित्त झाला हा’ म्हणून मेडिकलमधून पॅन्टोप्राझोलची पट्टी आणायची, आठवडाभर बरे वाटले की विसरायचे, पुन्हा जळजळले की पुन्हा पट्टी, असे महिनोन्‌महिने चालते. या गोळीने दोन अडचणी होतात. जठरातला व्रण कर्करोगाचा असला तरी आम्ल कमी झाल्यावर तो काही काळ भरल्यासारखा दिसू शकतो आणि दुखणे थांबते. शिवाय जठरातल्या हेलिकोबॅक्टर पायलोरी जंतूंची संख्या घटल्यामुळे तपासणीत ते सापडत नाहीत. म्हणून जंतूच्या तपासणीआधी ही गोळी दोन आठवडे बंद ठेवायला सांगतात. ‘जेवान जाणा नाय’ अशी तक्रार येते, दोन घास खाल्ल्यावर पोट भरते, वजन उतरते, रक्त कमी निघते, तेव्हा कुठे दुर्बिणीची तपासणी ठरते. चाळिशी-पंचेचाळिशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेले ‘पित्त’ हे दुर्बीण टाकून पाहण्याचे पुरेसे कारण आहे. तेवढ्यासाठी वजन उतरायची वाट पाहणे चुकीचे ठरते.

दुर्बिणीतून संशयित जागेचे सहा-आठ छोटे तुकडे घेतले जातात आणि तिथूनच कामाची खरी कसोटी लागते. तुकडे लगेच फॉर्मलिनमध्ये पडायला हवेत. सलाइनमध्ये ठेवलेला किंवा कापसावर वाळलेला तुकडा कोकणातल्या उकाड्यात झपाट्याने खराब होतो, आणि अशा तुकड्यावर पुढची कोणतीही नाजूक चाचणी भरवशाची राहत नाही. उलट फॉर्मलिनमध्ये आठवडाभर पडून राहिलेल्या तुकड्यातला डीएनए तुटतो. सहा ते बहात्तर तास हा सर्वमान्य पल्ला. पंचक्रोशीतून मोठ्या प्रयोगशाळेत नमुना जायला लागणारा वेळ, मध्ये येणारा रविवार, पावसात बंद पडलेला रस्ता या सगळ्याचा हिशेब त्या बाटलीवर लिहिलेल्या तारखेत आणि वेळेत असतो. बाटलीवर वेळ लिहिण्याची सवय साधी दिसते, पण निदानाची निम्मी विश्वासार्हता तिच्यावर अवलंबून असते.

पुढे तुकडा मेणात बसवला जातो आणि त्याचा ब्लॉक तयार होतो. मायक्रोटोमवर तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काढून, कोमट पाण्यावर तरंगवून ते काचेवर उचलले जातात. नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगाने कर्करोग आहे की नाही ते कळते. एमएलएच१ मुके आहे का, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री करतात. चारही प्रथिनांसाठी चार वेगवेगळ्या स्लाइडवर प्रतिपिंडे लावली जातात. प्रथिन असेल तर पेशीचे केंद्रक तपकिरी दिसते, नसेल तर निळसर राहते.

एमएलएच१ मुके असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली नवख्या डोळ्यालाही पटेल असे दृश्य असते. गाठीच्या ग्रंथी निळ्या, रिकाम्या, आणि त्यांच्या मधोमध पसरलेल्या लिम्फोसाइट पेशी तपकिरी. या तपकिरी पेशींवरच सगळा भरवसा असतो, कारण त्या रुग्णाच्याच निरोगी पेशी आहेत आणि रंग नीट चढल्याची साक्ष त्याच देतात. त्याही निळ्या राहिल्या असतील, तर स्लाइडवरून काहीही सांगता येत नाही. तुकडा फॉर्मलिनमध्ये नीट मुरला नाही एवढाच त्याचा अर्थ. अनुभवी रोगनिदानतज्ज्ञ आधी लिम्फोसाइट बघतात आणि मग गाठीकडे वळतात. उलट क्रमाने पाहिले तर खराब तुकड्यावर ‘एमएलएच१ नाही’ असा अहवाल लिहिला जाण्याचा धोका असतो, आणि त्या एका ओळीवरून एखाद्याचा उपचार बदलू शकतो. याच कारणाने ही चाचणी शस्त्रक्रियेत काढलेल्या मोठ्या जठरापेक्षा दुर्बिणीच्या तुकड्यावर करणे बऱ्याचदा बरे पडते. छोटा तुकडा पटकन मुरतो. मोठे जठर उघडून, ताणून ठेवले नाही तर आतपर्यंत फॉर्मलिन पोहोचत नाही.

एमएलएच१ आणि पीएमएस२ दोन्ही नाहीत असे दिसले की घरच्यांच्या एका प्रश्नाचे उत्तर द्यायची वेळ येते. तो प्रश्न उपचाराचा नसतो. ‘पोरांका पण होतला काय?’ हे विचारले जाते, आणि बहुधा रुग्ण खोलीबाहेर असताना. त्यामागे मुलांची काळजी असते, लग्ने ठरायची असतात, गावात बोलले जाण्याची भीती असते. या प्रश्नाला अंदाजाने उत्तर देणे बरे नव्हे, कारण खात्रीचे उत्तर मिळवता येते.

एमएलएच१ नसण्यामागे दोन कारणे असू शकतात. एक म्हणजे लिंच सिंड्रोम, ज्यात जनुकाचा दोष जन्मापासून शरीरातल्या प्रत्येक पेशीत असतो आणि प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता निम्मी असते. वैद्यकाच्या इतिहासात हा आजार जठरापासूनच ओळखू आला. अमेरिकेत अॅन आर्बरला अॅल्ड्रेड वॉर्थिन या रोगनिदानतज्ज्ञाने एका शिवणकाम करणाऱ्या स्त्रीच्या घराण्याचा माग ठेवला आणि १९१३ मध्ये ते वर्णन प्रसिद्ध केले. त्या घराण्यात जठराचे आणि गर्भाशयाचे कर्करोग पिढ्यानुपिढ्या होत होते. पुढे हेन्री लिंच यांनी हे काम वाढवले आणि त्या घराण्यातला दोष एमएसएच२ जनुकात असल्याचे अखेरीस सापडले. दुसरे कारण म्हणजे प्रमोटरचे मिथिलीकरण. ते त्या माणसाच्या जठरात, त्याच्या आयुष्यात घडलेले असते आणि मुलांकडे जात नाही. जठराच्या एमएसआय गाठींत हे दुसरे कारण कितीतरी अधिक आढळते. असे रुग्ण सहसा उतारवयाचे असतात आणि गाठ बहुधा जठराच्या खालच्या भागात असते.

दोन्हींतला फरक ओळखण्यासाठी मोठ्या आतड्याच्या गाठींत एक सोपा मार्ग वापरतात. बीआरएएफ जनुकातले व्ही६००ई हे उत्परिवर्तन सापडले की मिथिलीकरण गृहीत धरतात आणि लिंचची शक्यता बाजूला सारतात. जठरात हा मार्ग चालत नाही, कारण तिथल्या एमएसआय गाठींत ते उत्परिवर्तन जवळपास नसतेच. ते नाही म्हणून ‘आनुवंशिक असावे’ असा निष्कर्ष काढणे ही गंभीर चूक ठरेल. जठराच्या बाबतीत मिथिलीकरण थेट मोजावे लागते. डीएनएवर बायसल्फाइटची प्रक्रिया केली की मोकळे सायटोसिन बदलून युरॅसिल होते आणि मिथाइल बसलेले सायटोसिन तसेच राहते. मग दोन वेगळ्या प्राइमरजोड्यांनी पीसीआर केला, की कुठली खूण आहे ते कळते. ही मिथिलीकरण-विशिष्ट पीसीआर पद्धत जेम्स हर्मन आणि स्टीफन बेलिन यांच्या गटाने १९९६ मध्ये मांडली. बायसल्फाइट डीएनए तोडते आणि मेणातल्या ब्लॉकमधला डीएनए आधीच तुटलेला असतो, म्हणून इथे पुन्हा त्या फॉर्मलिनच्या वेळेचा प्रश्न येतो. शिवाय प्रमोटरचा कोणता भाग तपासला हेही महत्त्वाचे. जनुकाच्या सुरुवातीपासून लांबचा भाग निरोगी उतारवयीन माणसातही थोडाफार मिथिलित असू शकतो. सुरुवातीलगतच्या भागाचे मिथिलीकरणच जनुक गप्प असल्याची खात्री देते.

मिथिलीकरण सापडले, वय जास्त आहे आणि घराण्यात असे कर्करोग नाहीत, तर मुलांना या कारणासाठी जनुकीय चाचणीची गरज नाही, असे स्वच्छ शब्दांत सांगता येते. ते सांगितले जावे. रुग्ण तरुण असेल तर मात्र मिथिलीकरण दिसूनही रक्ताची तपासणी करतात, कारण क्वचित ही खूण जन्मापासून सर्व पेशींत असू शकते.

तरीही कुटुंबाला या आजारातून मिळणारी एक गोष्ट असते, ती म्हणजे जंतू. हेलिकोबॅक्टर पायलोरी बहुधा लहानपणी घरातल्याच माणसांकडून येतो आणि उपचार न केल्यास आयुष्यभर राहतो. ऑस्ट्रेलियात पर्थला रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी १९८० च्या दशकात त्याचा जठराच्या दाहाशी संबंध दाखवला; मार्शल यांनी १९८४ मध्ये जंतूंचे मिश्रण स्वतः पिऊन तो सिद्ध करायचा प्रयत्न केला, आणि दोघांना २००५ मध्ये नोबेल मिळाले. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये या जंतूला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात ठेवले. मिथिलीकरणाशी त्याचा संबंध तोक्योच्या राष्ट्रीय कर्करोग केंद्रातल्या तोशिकाझू उशिजिमा यांच्या गटाने दाखवला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, कर्करोग नसलेल्या पण जंतू असलेल्या लोकांच्या जठरातील निवडक डीएनए भागांचे मिथिलीकरण जंतू नसलेल्यांपेक्षा ५.४ ते ३०३ पट जास्त होते. प्राण्यांवरच्या प्रयोगांतून हेही पुढे आले, की खुणा चढण्यामागे जंतूपेक्षा त्याने चेतवलेला दाह महत्त्वाचा असतो. दाह दाबला की जंतू असूनही मिथिलीकरण कमी राहते. जंतू नष्ट केल्यावर ते उतरते, पण शून्यावर येत नाही. उतारवयात उपचार केले तरी धोका पुरता जात नाही त्याचे हे एक कारण.

भारतात या जंतूचा प्रसार मोठा असूनही बहुतेक प्रदेशांत जठराचा कर्करोग कमी आहे. जगात २०२२ मध्ये त्याचे सुमारे ९ लाख ६८ हजार नवे रुग्ण आणि ६ लाख ६० हजार मृत्यू झाले. भारताचा वाटा सुमारे साठ हजारांचा, आणि देशातले सर्वाधिक प्रमाण मिझोरमच्या ऐझॉलमध्ये. जंतूचे वाण, आहार, धूम्रपान, मिठात खारवलेले आणि धुरावलेले पदार्थ या सगळ्यांचे मिश्रण जागोजागी वेगळे असते. सिंधुदुर्गात पावसाळ्यात खारे बांगडे आणि सुकट घरोघर असते. ते बंद करा असे सांगण्याचे कारण नाही, पण रोजचे मीठ आणि त्याच्या जोडीची बिडी कमी करायला सांगणे रास्त आहे. खारवलेल्या आणि धुरावलेल्या पदार्थांतल्या नायट्रोसोसंयुगांनी डीएनएतल्या ग्वानिनवर जे गट चिकटतात, ते काढून टाकणारे एमजीएमटी हे दुसरे दुरुस्तीचे जनुकही जठराच्या काही गाठींत मिथिलीकरणाने मुके झालेले असते.

आता उपचारांविषयी. २०१९ मध्ये चार मोठ्या चाचण्यांतल्या १,५५६ रुग्णांची एकत्र पाहणी झाली. त्यात एमएसआय असलेले १२१ होते. शस्त्रक्रियेनंतर त्यांचे आयुष्य इतरांपेक्षा चांगले होते, आणि केमोथेरपीने त्यांना वेगळा फायदा झाल्याचे दिसले नाही. दुसरीकडे, दुरुस्ती थांबल्याने या गाठींत इतकी बदललेली प्रथिने तयार होतात, की रोगप्रतिकारक पेशी तिथे गर्दी करतात. त्यांच्यावरचा लगाम काढणारी इम्युनोथेरपी म्हणून इथे चांगली चालते. अमेरिकेने मे २०१७ मध्ये पेम्ब्रोलिझुमॅबला अवयव न पाहता केवळ एमएसआयच्या आधारे मान्यता दिली. २०२२ मध्ये फ्रान्समधल्या निओनिपिगा चाचणीत शस्त्रक्रियेआधी दोन इम्युनोथेरपी औषधे दिलेल्या ३२ पैकी २९ जणांची शस्त्रक्रिया झाली आणि त्यातल्या १७ जणांच्या काढलेल्या जठरात कर्करोगाची एकही जिवंत पेशी सापडली नाही. पसरलेल्या आजारात एमएसआयचे प्रमाण बरेच कमी असते, पण ज्याला ते आहे त्याच्यासाठी हा फरक मोठा आहे. औषधांचा खर्च लाखांत जातो आणि बांद्यातल्या बागायतदाराला किंवा दुकानदाराला तो पेलत नाही. टाटा रुग्णालयाने डोके-मानेच्या कर्करोगात निव्होलुमॅबच्या अगदी कमी, वीस मिलिग्रॅम मात्रेचा उपयोग दाखवला आहे. जठराच्या एमएसआय गाठींतही असे अभ्यास व्हायला हवेत. मिथाइल खुणा पुसणारी डेसिटाबीनसारखी औषधे प्रयोगशाळेतल्या पेशींत एमएलएच१ला पुन्हा बोलते करतात, पण जठराच्या रुग्णांसाठी तो अजून उपचार झालेला नाही.

चार प्रथिनांची ही तपासणी जुन्या ब्लॉकवरही होऊ शकते. ब्लॉक आणि स्लाइड ही रुग्णाची मालमत्ता समजून नातेवाइकांनी त्या मागून घ्याव्यात, फाइलमध्ये नीट ठेवाव्यात आणि मुंबईला जाताना गाडीच्या काचेजवळ उन्हात ठेवू नयेत. मेण वितळले की तुकडा हातचा जातो. जठराच्या कर्करोगाचा अहवाल हातात आला, की शस्त्रक्रियेची किंवा केमोची तारीख घेण्याआधी डॉक्टरांना दोन गोष्टी विचाराव्यात: एमएमआरची तपासणी झाली आहे का, आणि एमएलएच१ नसेल तर मिथिलीकरण पाहिले आहे का. घरातल्या बाकीच्यांनी हेलिकोबॅक्टरची तपासणी करून घ्यावी, आणि औषधांचा पूर्ण कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी जंतू गेला की नाही हे पुन्हा तपासावे.